धुऊन प्यालेलं ताट

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, पूजेला एकटी बसले तेव्हाही नाही. आज तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका. तोंडातले दात गेले, आता आत काही अडवून धरायला उरलं नाही म्हणा हवं तर.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. मी सोळा वर्षांची, जळकोटला नवी सून म्हणून आलेली. घर लिंगायतांचं, शेतीवाडीचं. भांडण कानडीत आणि लाड मराठीत, अशी आमच्या घरची रीत. माझे लाड करणारी मात्र एकच — थोरली जाऊ, नीलव्वा. मी तिला अक्का म्हणायची, ती मला धाकटे.

आम्ही दोघी जात्यावर बसायचो. खुंट्याला चार हात, पण गळा तिचा एकटीचा. काय मोकळा गळा होता! ती गायला लागली की पाटी कधी भरली ते कळायचं नाही. अजून कुठं जात्याचा आवाज आला — आता कुठं येतो म्हणा — की ज्वारीच्या पिठाचा ऊन वास नाकात भरतो, आणि तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला आठवतो. माहेर सोडल्यानंतरचे माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते. हे खोटं नाही.

तेव्हा लेव्ही होती. ज्वारी सरकारात जायची, आणि उरलेल्यात सासूबाई सुनांना भाकरी मोजून द्यायच्या — दोन-दोन. सगळ्यांचं झालं, सासूबाई आडव्या झाल्या, की चुलीपाशी आम्ही दोघी जेवायला बसायचो. आमच्यात ताटात कण ठेवत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं आणि ते पिऊन टाकायचं. मग कुठल्या ताटात कोण किती जेवलं, ते कुणाला सांगता येणार?

अक्का बसल्याबरोबर तिची एक भाकरी माझ्या ताटात टाकायची. मला भूकच न्हाय, म्हणायची. मी खायची. नको म्हणाले का? पहिल्या दिवशी म्हणाले असेन.

आणि त्याच वर्षी अक्का सुजल्यासारखी वाढत गेली. सगळं घर लेव्हीनं वाळलेलं, ही एकटी भरत चाललेली. चोळ्या उसवल्या. बांगड्या मनगटात रुतल्या. कासारानं थट्टा केली, की वैनी, तुमच्या मापाची काकणं आता मागवावीच लागतील. वैशाखात ती घोंगडी पांघरून बसायची. केस झडले. बसल्या जागी पेंगायची. आणि तो गळा — तो घोगरा झाला, पुरुषासारखा. जात्यावरचं गाणं बंद पडलं. सासूबाई तिच्या देखत म्हणायच्या, खायला काळ अन् भुईला भार. शेजारणी म्हणायच्या, गोगलगाय आन् पोटात पाय. ती म्हण खरं तर कुणाला लागू होती?

फार वर्षांनी माझी नात अशीच वाढायला लागली, तेव्हा तिला सोलापूरला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तिची मान चाचपली. थंडी वाजते का? आवाज जड झालाय का? केस जातात? पोरगी तोंड उघडायच्या आत मीच 'हो, हो' म्हणत सुटले. ती बघतच राहिली माझ्याकडं. थायरॉईड म्हणाले. रोज सकाळी एक बारीकशी गोळी घ्यायची. अक्काच्या वेळी आमच्याकडं हे कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. पण ती किती खाते, हे मला कळत होतं. त्याला डॉक्टर लागत नव्हता.

आता ते सांगते. एके दिवशी सासूबाईंनी तिला सोप्यात उभं केलं. सासरे होते, थोरले दीर होते. कोठीतलं चोरून खाती म्हणाल्या, न्हायतर अंगावर येतंय कुठनं? अक्का रडली नाही. त्या घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाली, "धाकटीला इचारा. ती बसती माझ्यासंगं जेवायला."

माझ्यावर बोट ठेवलं नाही तिनं. भाकरी मला देते, हे सांगितलं नाही. ते माझ्यावर सोडलं.

सासूबाई म्हणाल्या, लिंगाला हात लावून सांग. मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. खोटं बोलायचं नव्हतं — आणि खरं बोलले तर? नवी सून तीन-तीन भाकऱ्या हाणते, जावेच्या तोंडातलं काढून खाते, हे सासऱ्यांपुढं सांगू? आणि उद्यापासून ती तिसरी भाकरी? — हो, तोही विचार आला. तोच आधी आला.

मी म्हणाले, "ताट धुऊन पिती ती. एक कण ठेवत न्हाय."

शपथ मोडली नाही. शब्दन् शब्द खरा होता. सासूबाईंना तेवढं पुरलं. दीर उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी अक्काला गाडीत घालून माहेरी पाठवलं, अक्कलकोटाकडं. पुढं रझाकारांची धामधूम झाली, रस्ते बंद झाले, ती निमित्तं झाली. तिला आणायला कुणी गेलंच नाही. दिरांनी दुसरी बायको केली. तिसऱ्या वर्षी अक्का गेल्याचा निरोप आला. मी आंघोळ केली आणि भाकरी थापायला बसले.

एक सांगायचं राहिलं. सोप्यातलं ते झालं, त्याच दुपारी आम्ही दोघी नेहमीसारख्या चुलीपाशी जेवायला बसलो. मला तिच्याकडं बघवेना. तिनं तिची एक भाकरी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली.

"खा, धाकटे," म्हणाली.

मी खाल्ली. मग ताटात पाणी घातलं, बोटानं फिरवलं आणि प्याले.