सखूची जागा

अंबाडीची जुडी निम्मी निवडून झाली होती. एका माणसाच्या भाजीला एवढी पुरे, असं म्हणून किशनरावांनी हात थांबवला आणि उरलेली तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली. सखू असती तर एवढ्यावर भागलं नसतं.

बरकतपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत सखू आता बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर होती, पांढऱ्या कापडात बांधलेल्या अस्थी होऊन. रोज सकाळी किशनराव मेणबत्ती लावत, त्रिशरण म्हणत. शेवटी 'साधू साधू' म्हणताना शेजारून दुसरा आवाज यायचा, त्याची सवय काही मोडत नव्हती. ते जरा थांबत, मग उठत.

मुलगा अनिरुद्ध बंगळुरूला. त्याचं म्हणणं सरळ होतं: बासरला गोदावरी आहे, मी गाडी करून देतो, सोडून या. पण सखूनं जायच्या आधी बजावलं होतं, मला पाण्यात सोडू नका, आपल्या रानात ठेवा आणि वर लिंब लावा. त्यांच्या माणसांत अशीच रीत पडली होती. किशनरावांनी मान हलवली. ती गेल्यावर मग ध्यानात आलं, आपलं म्हणावं असं रान आहेच कुठं?

आता गंमत बघा, देगलूरकडच्या त्यांच्या गावात भूमिहीनांना रान मिळालं ते याच माणसामुळं. गायरानात पहिला नांगर त्यांनी घातला. उभी ज्वारी कुणी जाळली, तर त्यांनी पुन्हा पेरायला लावली. तुरुंग पाहिला. कैक वर्षांनी घरोघरी जमिनीचे पट्टे झाले, तेव्हा तहसीलदारानं त्यांचंही नाव विचारलं. किशनराव म्हणाले, माझं नको. पुढाऱ्यानं आपलं नाव घातलं की सारी चळवळ स्वतःच्या पोटासाठी होती म्हणतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सखूला हे शेजारणीकडून कळलं. त्या दिवशी भाकरी करपल्या.

मग ते विधानसभेला उभे राहिले आणि सपाटून पडले. पडल्याचं एवढं नाही, पण गायरानाच्या वस्तीतूनही मतं निघाली नाहीत, ते जिव्हारी लागलं. बिऱ्हाड उचललं, सिकंदराबादला मालधक्क्यावर नोकरी धरली, नि गावाकडं पुन्हा तोंड केलं नाही. लग्नकार्याला सखू एकटीच जाऊन यायची. त्या गावाकडं आता हातभर जागा मागायची म्हणजे जीभ रेटत नव्हती. कितीदा तरी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

भाजी फोडणीला टाकली तेवढ्यात फोन वाजला. मालनबाई होती, सखूची जुनी मैत्रीण, पट्टा मिळालेल्यांतलीच एक. तिनं आधी जेवणाचं विचारलं, अंबाडीत लसूण घातला का विचारलं, आणि मग सखूला कुठं ठेवलं ते. घरीच आहे, किशनराव म्हणाले.

"तुमी मागणार न्हाई, मला ठावं हुतं," ती म्हणाली. "आमी मत दिलं न्हाई, त्यो राग अजून गाठीला बांधलाय नव्हं?"

राग नाही, लाज वाटते, असं किशनराव सांगू लागले. तिनं पुरतं बोलू दिलं नाही.

"माझ्या बांधावर दगडाचा ढीग हाय. समदे सखूनं येचलेत, अनिरुद्ध पोटात आसताना. तुमी तवा सभेला गेलावता. तिची जागा तितंच हाय. घिऊन या."

किशनरावांनी हळूच विचारलं, पुढंमागं माझंही तिथंच जमेल का?

"तुमचं तुमी बगा, भाऊ." मग ती म्हणाली, "आन आल्यावर भाषण करू नगा."

फोन ठेवल्यावर त्यांना हसू आलं. खोलीत आपलंच हसणं ऐकू आलं तसे ते गप्प झाले. अनिरुद्धला फोन करून त्यांनी गाडी नको म्हणून सांगितलं. मी येऊ का, असं त्यानं विचारलं, पण मागं कुणीतरी त्याला कामाला हाका मारत होतं. तू परेशान होऊ नको, किशनराव म्हणाले.

जेवून त्यांनी सदरा चढवला. गौलीगुड्याला बसस्टँडवर जाऊन देगलूरच्या गाडीचं तिकीट काढायचं होतं.