कचेरीचा कोयता

विषय : कार्यालयाच्या आवारातील झुडपे तोडण्याकरिता व लाकडे फोडण्याकरिता एक कोयता निवडणे.

संदर्भ : दगडूजी शिपायाची तोंडी तक्रार.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ते फायलींवरच्या धुळीसारखे आपोआप साठतात, आणि कुठं हात लागला की उडतात. परवा आमच्या चिरंजीवांनी कुंपण साफ करायला बाजारातून कोयता आणला. गेला, घेतला, आला! मला वाईटच वाटलं. एका कोयत्यात किती मजा असते, हे या पिढीला कळलंच नाही.

* * *

आमची कचेरी चिखलीला होती. खात्याचं नाव सांगत नाही. पेन्शन चालू आहे. महाराष्ट्र तेव्हा नवाच झाला होता. त्याआधी आम्ही मुंबई राज्यात होतो, त्याच्याही आधी मध्यप्रदेशात. राज्यं भराभर बदलली, रबरी शिक्के सवडीनं बदलले.

कचेरीच्या मागं एक खोली होती. तिथं दगडूजी शिपाई आणि त्याची बायको राहायचे. रस्त्यापासून त्याच्या दारापर्यंत घाणेरी, बोरी आणि बाभळी अशा माजल्या होत्या की ती बाई डोक्यावर हंडा घेऊन आडवी आडवी चालायची.

दगडूजीची एकुलती लेक बाळंतपणाला माहेरी यायची होती. मागच्या खेपेला मूल आठवडाभरातच दगावलं होतं, त्यामुळं नवरा-बायको धास्तावलेले.

"सायेब, पोरीले सातवा लागला," दगडूजी म्हणाला. "डाक्टरीनबाईनं चालू नको म्हनलं. बैलगाडी दारापोत लागली पाह्यजे. तेवढं काटवन तोडून टाकू काय?"

साहेब पुण्याकडचे. त्यांचा जुना हुकूम होता : आवारातलं झाडझुडूप सरकारी, ते सरकारी हत्यारानंच तोडायचं. खाजगी कुऱ्हाडीनं तोडलेलं लाकूड खाजगी चुलीतच जातं, असा त्यांचा अनुभव होता.

"अवश्य तोड," साहेब म्हणाले. "फक्त आधी सरकारी कोयता घेऊ."

झालं! समिती बसली. हेडक्लार्क बापूसाहेब, स्टोअरकीपर वानखडे आणि मी. तिघांपैकी कुणीही आयुष्यात दातणाच्या काडीशिवाय काही तोडलं नव्हतं.

* * *

डोणगावचा लोहार नमुने घेऊन बैलगाडीनं स्वतः आला. त्यानं पहिलाच प्रश्न असा विचारला की समिती गार!

"हात कोनता जी? उजवा का डावा?"

"म्हणजे?"

"उजव्याचा कोयता येगळा, डावखुऱ्याचा येगळा. धार एकाच अंगानं राह्यते."

बापूसाहेबांनी चष्मा पुसला. आजचा शिपाई उजवा आहे; उद्या बदली होऊन डावा आला तर? ते म्हणाले, "हे पहा, कोयता माणसासाठी नाही, पदासाठी आहे. आणि पदाला हात नसतो."

लोहार बिचारा भला. नमुने ठेवले, बाहेर गेला आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चाल बे, इथं बिनहाताचे लोक राह्यतात!"

* * *

साखरखेर्ड्याहूनही एक नमुना आला. त्याची धार बघायची कशी? झुडपावर बघता येईना, कारण झुडूप तोडायची मंजुरी कोयता आल्यावरच मिळणार होती.

बापूसाहेब म्हणाले, "त्यात काय! धार ती धार." त्यांनी कोयत्यानं पेन्सिल तासायला घेतली.

पेन्सिलीला टोक आलं नाही. बोटाचं गेलं.

पट्टी बांधून घेतली आणि त्याच हातानं त्यांनी शेरा लिहिला : 'धार समाधानकारक.'

* * *

वानखडेंना शेरा पटेना. त्यांना लाकडावर चाचणी हवी होती. मग दगडूजीनं घरचा बाभळीचा ओंडका आणला आणि डोणगावच्या कोयत्यानं एका घावात त्याचे दोन केले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"हाच घ्या!" मी म्हटलं.

"हा घेता येणार नाही," वानखडे म्हणाले.

"का?"

"हा आता वापरलेला झाला. जुना माल नवा म्हणून कसा घेऊ?"

"मग तो साखरखेर्ड्याचा घ्या."

"त्याची चाचणी कुठं झालीय?"

दगडूजी दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. हळूच म्हणाला, "बाबू, पोरीले आठवा लागला."

बापूसाहेबांनी त्याला धीर दिला. "काळजी करू नकोस दगडूजी. काम वेगात आहे."

* * *

शेवटी साखरखेर्ड्याच्याच लोहाराकडून, नमुन्यासारखा पण नमुना नसलेला कोयता आला. काय देखणा होता! पातं असं की त्यात भांग पाडावा.

दगडूजी हरखून स्टोअरात गेला आणि तसाच थबकला. आदल्या वर्षी फावड्यांना गंज चढला म्हणून वानखडेंनी तपासणीत बोलणी खाल्ली होती. या खेपेला त्यांनी आधीच काळजी घेतली होती. कोयत्याला काळ्या रंगाचे दोन हात दिले होते. मुठीला, पात्याला. धारेसकट!

दगडूजीनं धारेवरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला.

"वानखडेबाबू, यानं बोर नाही तुटत. लेकराच्या डोयात काजळ घालता येईन!"

"रंग खरवडू नकोस हां," वानखडे म्हणाले. "आणि ओला आहे तोवर हात लावू नकोस."

पोरीला नववा लागला होता.

* * *

मग जोडून सुट्ट्या आल्या. सुट्ट्या संपून आम्ही कचेरीत आलो, तर रस्त्यापासून दगडूजीच्या दारापर्यंत काटवनाचा मागमूस नाही! जमीन अंगणासारखी साफ. तिच्यावर बैलगाडीच्या चाकांच्या दोन रेघा. आणि मागच्या खोलीतून तान्ह्या लेकराचं रडणं. बापूसाहेबसुद्धा टोपी काढून क्षणभर ऐकत उभे राहिले.

सरकारी कोयता स्टोअरात खिळ्याला होता. रंगावर ओरखडा नव्हता.

साहेबांनी दगडूजीला बोलावलं. "ही झुडपं कुणी तोडली?"

"देवाले मालूम, सायेब. आमी पोरीच्या धावपळीत होतो."

"बैलगाडी कुठून आली?"

"रस्त्यानं."

"रस्ता नव्हताच ना इथं!"

"हाव. नव्हता."

तेवढ्यात दगडूजीनं खिशातून अर्ज काढला. पाचवीच्या पूजेसाठी कचेरीचा कोयता एक दिवस मिळावा! आपल्याकडं पाचवीला बाळंतिणीच्या उशाशी लोखंडाचं पातं ठेवतात. मागच्या खेपेला ते राहून गेलं होतं, आणि दगडूजीच्या बायकोच्या मनात ते सलत होतं.

अर्ज वाचून साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"दगडूजी, तुझ्या घरात एखादा विळा-कोयता नाही?"

सगळी कचेरी लिहायची थांबली. टाइपरायटरही थांबला.

दगडूजीनं हात जोडले. "नाही जी, सायेब. असता तं अर्ज कायले केला असता?"

साहेबांनी खुर्ची पुन्हा मागं सरकवली. मग त्यांनी अर्जावर 'वरिष्ठांकडे मार्गदर्शनार्थ सादर' असा शेरा मारून तो बुलडाण्याला धाडला.

पाचवी पार पडली, उशाशी पातं ठेवूनच. ते लेकरू म्हणजे मुलगी होती. शिकली, मास्तरीण झाली, गेल्या वर्षी आजी झाली.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.