नोल्बेर्ता आणि डॉक्टरांचं कोरडं आकाश

दुर्बिणीच्या तळावर नोल्बेर्ता तेहेरिना अकरा वर्षं स्वयंपाक करते आहे आणि मी तिच्या हाताखाली बटाटे सोलते. दुर्बीण आणखी वर, जिथे नुसता श्वास घेतला तरी घसा सोलवटतो. तिथले मोठे डॉक्टर हेनिंग ताऱ्यांची ऊब बघतात. हवेतली वाफ ती ऊब गिळून टाकते, म्हणून आमचं हे कोरडं, गारठलेलं आभाळ त्यांना जिवापेक्षा प्यारं. इतकं, की मक्याच्या कालवणातून वाफ निघाली तरी ते सवतीकडे बघावं तसं बघत. नोल्बेर्ता मुद्दाम त्यांच्यासमोरच झाकण काढायची.

ऑक्टोबरात आमच्या गावी पाटाची सफाई असते. दर घरातून एकाने फावडं घेऊन जायचं. नाही गेलं तर त्या घराची पाण्याची पाळी वर्षभर बंद. नोल्बेर्ताच्या घरात नोल्बेर्ताच, आणि तिच्या लसूणघासाला पाणी तेवढंच. यंदा नेमक्या त्याच तीन दिवसांत डॉक्टरांचं मोठं निरीक्षण आलं. पंधरा पाहुणे येणार होते. रजा नाही, म्हणाले.

स्वयंपाक मी बघेन, असं मी सुचवलं. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बटाट्यांकडे वळले.

खरी अडचण दुपारी बाहेर आली. सफाई संपली की गाव पाटाच्या उगमाशी बसतं आणि एकेका डोंगराचं नाव घेऊन गाण्यातून पाणी मागतं. हे डॉक्टरांना कुणीतरी सांगितलं होतं. ओट्याशी उभं राहून, चमच्याशी चाळा करत, बाईमाणसाला आदराने लावतात ते 'दोन्या' लावून ते म्हणाले,

"दोन्या नोल्बेर्ता, ते गाणं शनिवारनंतर नाही का म्हणता येणार?"

मी तोंड बटाट्याच्या पोत्यात घातलं. नोल्बेर्ता मात्र हसली नाही.

"गाणं काही पुढे ढकलत नाहीत, डॉक्टर. पण डोंगराची नि माझी ओळख आहे. पाणी जरा उशिरा पाठव, म्हणेन. आता ते सांगायला तरी जायला हवं ना?"

"किती उशिरा?"

"फेब्रुवारी चालेल?"

डॉक्टरांनी विचार केला आणि रजा दिली.

आमच्याकडे पाऊस फेब्रुवारीतच येतो, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. डॉक्टरांच्या भिंतीवरच्या आलेखातही तेच होतं, पण निरीक्षण तोंडावर आलं की भिंतीकडे कोण बघतं?

रविवारी ती हातांवर फोड घेऊन परतली. पाळी टिकली होती. आभाळ तिन्ही दिवस खडखडीत राहिलं. पाहुण्यांनी माझं जेवण सोसलं. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'दोन्या नोल्बेर्ता गावी', आणि निरीक्षण त्यानंतरच्या आठवड्यात टाकलं.

फेब्रुवारीत पाऊस कोसळला. दुर्बीण बंद झाली. डॉक्टर खाली येऊन दोन ताटल्या कालवण जेवले आणि हळूच म्हणाले, "एवढं जोरात सांगायला नको होतंत."

नोल्बेर्ताने त्यांच्यासमोर झाकण काढलं आणि तिसऱ्यांदा वाढलं.