इलियासभाईंचा पासवर्ड

आखातातल्या सनाबिसमधल्या कोकणी घरांत लॅपटॉप कुणाच्याही पैशानं येवो, आधी जायचा तो इलियासभाईंकडे. ते सगळं बसवून देणार आणि वर स्वतःचा पासवर्ड घालून ठेवणार. का, तर म्हणे बायकापोरं काहीबाही टाकून मशीन बिघडवतात! फुकटात करतात, म्हणून कुणी ब्र काढत नाही.

नुसरतला मात्र त्यांचं नाव काढलं तरी तिडीक यायची. लग्नाआधी श्रीवर्धनला ती पोरांना कॉम्प्युटरची जावा भाषा शिकवायची. शिकवायची, कळलं का! आणि इथं स्वतःच्या घरातल्या लॅपटॉपवर तीच जावा बसवायला गेली, की स्क्रीनवर पाटी: अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्या.

"अहो, इलियासभाईंना विचारा ना," ती नवऱ्याला म्हणायची.

"येतील शुक्रवारी, इंशाल्ला," बासित म्हणायचा.

शुक्रवारी इलियासभाई यायचे, बिर्याणीवर ताव मारायचे आणि म्हणायचे, "भाभी, जावा फार जड. मशीन स्लो होईल. तुम्हाला काय करायचंय?" बासित शेजारी मूग गिळून बसलेला. नुसरत आत जाऊन भांडी आपटायची.

मग तिथल्याच अदलिया भागातल्या एका ऑफिसनं तिला नोकरीच्या परीक्षेला बोलावलं. परीक्षा घरूनच द्यायची, पण आपल्या मशीनवर जावा चालू पाहिजे. पोरगी इक्रा झाल्यापासून आलेली ही पहिली संधी. शनिवारी चारला परीक्षा, आणि दुपार झाली तरी ती मेली पाटी तिथंच. इलियासभाई फोन उचलेनात.

नुसरतनं लॅपटॉप काखेत मारला आणि तडक शेजारच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या घरी गेली. मागून बासित, "अगं थांब, अगं लोक काय म्हणतील!"

इलियासभाईंकडे पाहुणे जेवत होते.

"पासवर्ड घाला," ती म्हणाली. "आत्ता."

"भाभी, पाहुणे आहेत..."

"असू देत! माझ्या घरातल्या वस्तूला कुलूप लावणारे तुम्ही कोण? किती शुक्रवार तुम्हाला खाऊ घातलं, लाज नाही वाटत?"

इलियासभाईंचा चेहरा लालबुंद झाला. चारचौघांत बाईमाणसाकडून एवढं कुणी ऐकून घेतं होय? "मला काय बोलता? पासवर्ड पहिल्या दिवसापासून बासितकडे आहे! तोच म्हणाला, तिला देऊ नका. नोकरीला लागली तर पोरीकडे कोण बघणार?"

नुसरत वळली. बासित आपल्या चपलांकडे बघत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तोंडानं नको म्हणाला असतात, तर मी भांडले असते, रडले असते," ती म्हणाली. "पण तुमच्याशी भांडले असते! तुम्ही मला ह्या परक्या माणसापुढे पदर पसरायला लावलंत. आणि शेजारी बसून बघत राहिलात?"

"नुसरत, घरी जाऊन बोलू..."

"खलास! घाला पासवर्ड."

सगळ्यांसमोर बासितनं तो भलामोठा पासवर्ड घातला. एकदाही अडखळला नाही की आठवायला थांबला नाही.

नुसरतनं ते पाहिलं. उभ्या उभ्याच तिनं पासवर्ड बदलला. घरी आली, जावा बसवली, खोलीचं दार आतून लावलं आणि परीक्षेला बसली. बाहेर बासित "नुसरत, नुसरत" करत होता. करू दे.