आडव्या पाइपातली हवा

मी चार माणसं मारणार होते.
हरेश्वरकाकांनी मारू दिली नाहीत.

परवा काका गेले. एडवणला, घरच्या ओट्यावर चहा पिता पिता.

बोईसरच्या आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये ते चेकर, तयार माल तपासून सोडणारे. मी डिझाइन इंजिनियर. तेव्हा नवीन, आणि अतिशहाणी.

माझी पहिलीच फ्रेम. दोन उभे पाइप, मध्ये एक आडवा. सॉफ्टवेअरमध्ये जॉइंट पास, वेल्ड पास, पाइपची जाडी पास. मी खूश!

फ्रेम वेल्ड होऊन आली, तसं काकांनी एका उभ्या पाइपच्या बाहेरच्या भोकाला तोंड लावलं.
"इंजिनियरबाई, तिकडच्या उभ्या पाइपच्या भोकाला गाल लाव."
जोरात फुंकलं.
"आली हवा?"
"नाही."
"नाय ना? मंग आडवा पाइप आतून बंद हाय."

आडवा पाइप जिथे चिकटतो, तिथे उभ्या पाइपला आधी आणखी एक भोक पाडायचं असतं, हवा आरपार जायला. ते ड्रॉइंगमध्ये दाखवायलाच मी विसरले होते. वेल्ड झाल्यावर ते बाहेरून दिसतही नाही.

आणि हवा कोंडलेला पाइप गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे गंज लागू नये म्हणून, वितळलेल्या जस्तात बुडवला, की फुटतो. जस्त उडतं.
कढईशी चार माणसं उभी असतात.

दुसऱ्या दिवशी राजीनामाच लिहून नेला.
काकांनी वाचला, घडी करून खिशात घातला.
"भीती वाटते ना? मंग ड्रॉइंगवर सही तूच कर. जिला वाटत नाय, तिच्या हातात आमी पेन नाय देणार."

आज सकाळी गॅल्व्हनायझिंगला जाणारी गाडी भरायची होती. तपासणीच्या कागदावर चेकरच्या रकान्यात काकांच्या जागी पहिल्यांदाच माझं नाव.
मी फुंकत होते, पलीकडे गाल लावून वेल्डर मुन्नाभाई.
"हवा आयी?"
"आयी, मॅडम."
पुढची फ्रेम. "आयी."
सातव्या फ्रेमला मुन्नाभाईनं गाल काढून परत लावला.
"फिर से फूंको, मॅडम."
फुंकलं. परत फुंकलं. डोळ्यांपुढे अंधारी आली.
"नहीं आयी."

यावेळी ड्रॉइंगमध्ये भोक होतं. पाइपात नव्हतं.

गाडी मी सोडली नाही. मालक चिडलेत. चिडू देत.

पण आज फुंकायचा कंटाळा केला असता तर? उद्या मीच विसरले तर मला कोण सांगणार, काका?

भीती वाटतेय. खूप वाटतेय.
पेन माझ्याकडेच ठेवलंय.

काका, तुम्हाला शेवटचा नमस्कार.