कानात न घातलेले बोळे

बाहेरून संशोधनासाठी निधी आणणं आमच्या तळेगावजवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात कुणी फारसं मनावर घेत नसे. लेक्चर घ्या, पेपर तपासा, अ‍ॅडमिशनच्या हंगामात पालकांना प्रयोगशाळा दाखवा. मग उरलेल्या वेळात संशोधन. "नकार यायचाच आहे, तर लिहिता कशाला मॅडम?" असं विभागप्रमुख हसत म्हणायचे. मी पडले हट्टी. एका सरकारी योजनेची जाहिरात दिसली आणि प्रपोजल लिहायला बसले.

विषय घरचाच होता. माझे वडील, अण्णा, मूळचे निघोज्याचे. सगळी नोकरी त्यांनी चिंचवडच्या एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काढली आणि निवृत्त झाले तेव्हा कान जवळजवळ गेलेले होते. कंपनी कानात घालायला रबरी बोळे द्यायची. अण्णांचे बोळे कायम शर्टाच्या खिशात. धुणं भिजवताना आई ते काढून ठेवायची. मला याचा भयंकर राग यायचा. फोनवर एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगावी लागली की मी हमखास सुनावायचे, "वेळेवर बोळे घातले असते तर?"

माझ्या प्रपोजलमध्येही तोच राग होता. कामगार निष्काळजीपणाने बोळे काढतात, असं मी ठोकून दिलं होतं. बोळा काढला की सुपरवायझरच्या टेबलावर दिवा लागेल, अशी यंत्रणा मला बनवायची होती. कॉलेजच्या समितीने पाठ थोपटली. एक शब्दही बदला म्हणून कुणी सांगितलं नाही.

काही महिन्यांनी नकार आला. सोबत कुणा अनोळखी परीक्षकाचा शेरा होता: "कामगार बोळे का काढतात, हे अर्जदाराने त्यांना विचारले आहे का?"

आठवडाभर मी त्या परीक्षकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. प्रेसवाल्याच्या मुलीला हा शिकवणार! मग हळूहळू लाज वाटायला लागली, कारण खरं उत्तर 'नाही' असंच होतं.

रविवारी निघोज्याला गेले. अण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. शेजारी बसून मोठ्याने विचारलं, "अण्णा, तुम्ही बोळे का घालत नव्हता?"

माझ्या चेहऱ्यावर राग नाही, हे त्यांना दिसलं असावं. शेंगांचं सूप बाजूला सारून ते म्हणाले, "अगं, प्रेस कानानं चालवायची असती. आतला साचा तडकायच्या आधी ठोका बद्द वाजतो. तवाच हात मागं घ्यायचा. बोळा घातला की ते कळत न्हाई. माज्या लायनीत एकाचंबी बोट गेलं न्हाई."

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कवा?"

ते साधेपणाने बोलले, पण मला मान वर करवेना.

प्रपोजल मी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं. आता दिवा सुपरवायझरसाठी नव्हता. ठोक्याचा आवाज बदलला की यंत्राने तो ओळखायचा आणि दिवा कामगाराच्या डोळ्यांसमोर लागायचा, म्हणजे कानात बोळे ठेवूनही त्याला वेळेवर हात मागे घेता येईल. या वेळी मंजुरी आली. नवी उपकरणं आली, दोन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि विभागप्रमुख मीटिंगमध्ये माझं उदाहरण द्यायला लागले. नवे प्राध्यापक निधीचे फायदे विचारतात तेव्हा मी हे सगळं सांगतेच, पण आधी त्या शेऱ्याबद्दल सांगते. कॉलेजात आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो. तुमच्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाने तुमचं लिखाण वाचणं, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

पहिली चाचणी निघोज्यातल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाली. अण्णांना मुद्दाम घेऊन गेले. तडकायला आलेला एक साचा बसवून प्रेस चालू केली. पहिल्या काही ठोक्यांतच आवाज बद्द झाला, अगदी मलाही कळला. दिवा लागला आणि प्रेसवरच्या माणसाने हात मागे घेतला. बोळे त्याच्या कानातच होते.

अण्णा आधी दिव्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले.

"आवाज बदलला का गं?" त्यांनी विचारलं.

मी ओरडले नाही. त्यांचा हात धरला आणि मान हलवून हो म्हटलं.