बाबांचा फेटा

हल्ली लग्नात गोंदियाहून शिवलेले फेटे येतात, टोपीसारखे घालायचे. ते पाहिले की मला अर्जुनी मोरगावचे आमचे शेजारी शिंपीकाका आठवतात. गावातल्या लग्नांत तेच फेटे बांधत. कापडाचं टोक दातात धरूनच ते बोलत, त्यामुळे अर्धं बोलणं कळायचं नाही. "मान सरळ. काऊन हालून राहिला?" एवढं मात्र नवरदेवालाही ऐकावं लागे.

माझ्या लग्नात बाबा खोलीबाहेर येईनात. औषधांनी त्यांचे सगळे केस गेले होते. शेवटी काका आत गेले.

"भाऊ, पोरगी वाट पाहून राहिली."

"अशा डोक्यानं कसा येऊ?"

काकांनी दार लोटलं. खळीचं कापड टोचेल म्हणून आधी आपल्या खांद्यावरचा मऊ दुपट्टा बाबांच्या डोक्याला गुंडाळला. मग खाटेवर मागे बसून सावकाश फेटा बांधला. बाबांची मान हलली की ते हात थांबवत.

बाबा मांडवात आले. त्यांनीच कन्यादान केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरी आईचा फोन आला. "अजून फेटा घालूनच बसले आहेत," ती म्हणाली. "म्हणतेत, पोरीले फोटो पाठव."